एर्विनचं तळघर आणि कर्णाचा शब्द

"जो दुसऱ्यांना मरायला लावतो आणि मग स्वतःही मरतो, त्याला तुम्ही त्यागी म्हणता. मी म्हणतो, तो स्वतःसाठीच जगला आणि मेलाही स्वतःसाठीच."

नंद्यानं हे बोलून टाकलं आणि त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषय निघालाच नाही. बोलणं चाललं होतं 'अटॅक ऑन टायटन'मधल्या कमांडर एर्विन स्मिथबद्दल. ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळं उघड होणार आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हाजिमे इसायामाची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००९ ते २०२१ अशी चालली, तिचे ३४ खंड निघाले आणि तिच्यावरची ॲनिमे मालिका २०२३ मध्ये संपली. माणसं उंच भिंतींच्या आत कोंडून राहिली आहेत, बाहेर माणसं खाणारे टायटन हिंडताहेत, आणि भिंतीबाहेर जाऊन त्यांच्याशी भिडणाऱ्या सर्व्हे कोअरचा एर्विन हा तेरावा प्रमुख. एका मोहिमेत त्याचा उजवा हात टायटनच्या जबड्यात जातो, तेव्हाही तो 'पुढे चला' एवढंच ओरडतो. शेवटी कोवळ्या रंगरूटांना घेऊन मरणाच्या तोंडात घोडा घालतो. हा माणूस स्वार्थी?

"हो, स्वार्थी," नंद्या म्हणाला. "आणि हे मी माझ्या पदरचं बोलत नाहीये. तो स्वतःच कबूल करतो."

नंद्याचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण त्यात दम आहे. एर्विनचा बाप शिक्षक होता. लहानग्या एर्विननं भर वर्गात विचारलं की भिंतीबाहेर माणसं उरलेली नाहीत हे आपल्याला कशावरून कळलं? बापानं वर्गात उडवाउडवी केली, पण घरी आल्यावर मनातलं सांगितलं. भिंतीआड आलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणी राजानंच पुसल्या असाव्यात, म्हणजे राज्य करणं सोपं. पोरानं ते गावातल्या पोरांना सांगितलं, शिपायांच्या कानावर गेलं, आणि बाप त्या दिवशी घरी आला नाही. तेव्हापासून एर्विनला एकच गोष्ट हवी होती, बापाचं म्हणणं खरं होतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. ते सत्य मालिकेचा नायक एरेन याच्या घराच्या तळघरात आहे हे कळल्यावर तो तळघरासाठी जगू लागला. ओठांवर मात्र मानवजात.

"आणि त्या शेवटच्या मोहिमेच्या आधी त्याच्या हाताखालचा कॅप्टन लीवाय याच्याशी झालेली बोलाचाली आठव," नंद्या पुढे म्हणाला. "एकच हात राहिलाय, तू मागे राहा, नाहीतर तुझे दोन्ही पाय मोडतो, असं लीवाय म्हणतो. एर्विन म्हणतो, जगाचं सत्य उघडं होताना मला तिथे असायलाच हवं. लीवाय विचारतो, तुझ्या पायांपेक्षाही ते मोठं? हो. मानवजातीच्या विजयापेक्षाही? हो! सेनापतीच्या तोंडून आणखी काय कबुली पाहिजे तुम्हाला?"

तो प्रसंग मलाही ठाऊक होता, पण नंद्यानं तो असा पुढ्यात ठेवल्यावर क्षणभर कुणालाच उत्तर सुचलं नाही. त्यात आणखी एक बारकावा आहे, तो मीच भर घालून सांगितला, कारण वाद प्रामाणिकपणे करायचा तर समोरच्याच्या बाजूचं जे आहे तेही पुढे यायला हवं. टायटन म्हणजे मुळात माणसंच असावीत, अशी शंका पहिल्यांदा येते तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरतात. आपण आजवर माणसं कापत होतो की काय, या विचारानं लीवायलाही मळमळतं. आणि एर्विन? तो हसत असतो. सत्याच्या एक पाऊल जवळ आलो, याचा आनंद त्याला लपवता येत नाही. लीवायला ते दिसतं आणि तो त्याला टोकतो.

"बघ, तूच सांगितलंस," नंद्या म्हणाला.

आता वैशूला राहवेना. "अरे, पण खोक्यावरचा प्रसंग विसरलास का? तिथे काय घडतं ते सांग ना."

एरेनचं घर ज्या गावात आहे त्या शिगान्शिनात एर्विनची तुकडी कोंडली गेली आहे. समोर बीस्ट टायटन उभा, तो मूठभर दगड चुरून असा भिरकावतो की घरंच्या घरं भुईसपाट होतात. मागे जायला वाट नाही. एर्विन एका लाकडी खोक्यावर बसतो आणि लीवायला म्हणतो, माझ्याकडे एक डाव आहे. सगळ्या रंगरूटांना घेऊन मी समोरून घोडे घालतो, धुराचे बार उडवत जातो, टायटनचं लक्ष आमच्यावर राहील तेवढ्यात तू बाजूनं जाऊन त्याला गाठ. जाणारे सगळे मरतील. त्या पोरांना मरायला तयार करायचं तर पट्टीच्या ठकासारखं बोलावं लागेल, आणि मी सगळ्यांच्या पुढे असल्याशिवाय ती हलणार नाहीत. म्हणजे सगळ्यांत आधी मीच मरणार, आणि तळघरात काय आहे ते मला कधीच कळणार नाही. एवढं बोलून तो म्हणतो, मला त्या तळघरात जायचंय रे. इतक्या वेळा मरून जावंसं वाटलं, पण दरवेळी बापाचं स्वप्न आड आलं. आणि आता ते हाताच्या अंतरावर आहे.

"तो असं म्हणतो," वैशू म्हणाली, "आणि लीवाय त्याच्यासमोर गुडघा टेकून सांगतो, स्वप्न सोड आणि मर. त्या पोरांना नरकात घेऊन जा. मी बीस्ट टायटनला पाडतो. त्यावर एर्विन क्षणभर हसतो आणि उठतो. स्वार्थी माणूस उठेल? बाजूला मेलेल्यांचा खच पडलाय, पळ काढून तळघर गाठायचा प्रयत्न तरी त्याला करता आला असता."

"उठला, कारण त्याला ओझं सहन होत नव्हतं," नंद्या म्हणाला. "मेलेले सोबती आपल्याकडे बघताहेत असं त्याला दिसत होतं. त्या नजरा चुकवायला तो मेला. म्हणजे पुन्हा स्वतःच्याच मनाच्या शांतीसाठी. कुठलंही उदाहरण आण, आतून खरवडलं की खाली स्वार्थच सापडेल. दान करणारा समाधानासाठी करतो, मरणारा नावासाठी मरतो."

इथे मी मध्ये पडलो. हा युक्तिवाद मला मुळापासून पटत नाही, आणि तो ऐकला की मी गप्प बसू शकत नाही. याला जुनं आणि चोख उत्तर आहे. जोसेफ बटलर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाची प्रवचनं १७२६ मध्ये पुस्तकरूपानं आली, त्यात त्यानं हा गुंता सोडवलाय. समाधान मिळतं कधी? आधी एखादी गोष्ट हवी असते, ती मिळते, मग समाधान होतं. ती गोष्टच नको असेल तर समाधानाला जागाच नाही. लीवाय टायटनपर्यंत पोचावा असं एर्विनला मनापासून वाटलंच नसतं, तर पोरांना घेऊन मरण्यात त्याला कसली शांती मिळाली असती? शांती मिळाली म्हणून ती मिळवण्यासाठीच केलं, असं म्हणणं म्हणजे गाडी चालली की धूर निघतो म्हणून धुरासाठीच गाडी चालवली असं म्हणणं. शिवाय, सगळंच स्वार्थ ठरवलं तर पळून जाणारा आणि पुढे जाणारा यांच्यातला फरकच उरत नाही. मग एर्विनवर आरोप तरी कशाचा करायचा? तो जगातल्या प्रत्येकावरच होतो.

नंद्याला हे अर्धं पटलं. पण मकरंदनं वेगळीच वाट काढली. तो बोलतो कमी, पण बोलला की विषय हलतो. म्हणाला, "ॲरिस्टॉटल तर उघडच म्हणतो की सज्जन माणूस स्वतःवर प्रेम करणाराच असतो. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या नवव्या भागात आहे. मित्रांसाठी, देशासाठी जीव देणारा माणूस पैसा सोडतो, मान सोडतो, आयुष्य सोडतो, पण सगळ्यांत मोलाची गोष्ट स्वतःकडे ठेवतो, ती म्हणजे उदात्तपणा. लांबलचक बेतास बात जगण्यापेक्षा थोडंसं पण उत्कट जगणं तो निवडतो. त्याला स्वार्थ म्हणायचं तर म्हणा, पण तो वाईट कसा?"

नंद्या खूश. त्याला वाटलं, दोन हजार वर्षांपूर्वीचा साक्षीदार त्याच्या बाजूनं उभा राहिला. पण मला वाटतं इथेच खरी मेख आहे. ॲरिस्टॉटलचा तो माणूस स्वतःचा जीव देतो. साधा शिपाई असेल तर गोष्ट तिथेच मिटते. त्यानं स्वतःची वस्तू दिली, त्याच्या बदल्यात जे मिळालं ते त्याचं. सेनापतीचं तसं नाही. तो स्वतःचा जीव देण्याआधी दुसऱ्यांचे देतो, आणि त्यातून जो मोठेपणा मिळतो तो एकट्याच्या नावावर जमा होतो. म्हणून सेनापतीच्या त्यागाकडे संशयानं पाहावंच लागतं. शिपायाच्या त्यागाकडे तसं पाहणं हा त्याचा अपमान ठरेल.

सुभेदारकाका तोवर ऐकत होते. मालिका त्यांनी पाहिलेली नाही. आम्ही सांगितलं तेवढ्यावरच ते बोलले, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यांत कामाचं बोलले.

"पोरांनो, तुम्ही मरणालाच एवढं मोठं करून ठेवलंय. पुढे राहणं ही अधिकाऱ्याची ड्यूटी आहे, मरणं ही ड्यूटी नाही. मेलेला कमांडर हुकूम देऊ शकत नाही. मला सांगा, त्यानं मागची व्यवस्था लावली होती का? त्याच्यानंतर कोण, हे ठरलं होतं का?"

"हो काका," वैशू म्हणाली. "हांजी नावाच्या त्याच्या सहकारी अधिकाऱ्याला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्यानंतर तू. आणि पुढे तीच चौदावी कमांडर होते."

"मग त्याचं मरण कामाचं होतं. नाहीतर पानिपत आठवा. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले आणि भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, असं बखरींपासून कादंबऱ्यांपर्यंत सगळीकडे येतं. भाऊंच्या शौर्याबद्दल तोंड उघडायची माझी पात्रता नाही. पुतण्या गेल्यावर माणसाचं काय होत असेल ते मी समजू शकतो. पण फौजेला त्या घटकेला अंबारीत बसलेला भाऊ हवा होता. सेनापतीला कधी कधी मरण सोपं असतं आणि बसून राहणं अवघड. तुमच्या त्या एर्विनला काय अवघड होतं, ते आधी शोधा."

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला गुंता बराच सुटला, आणि मी तेव्हाच जे म्हणालो ते आजही माझं मत आहे. एर्विनला मरण अवघड नव्हतंच. इतक्या वेळा मरावंसं वाटलं हे त्यानंच सांगितलंय. त्याला अवघड होतं ते तळघर सोडणं. त्याचा त्याग घोड्यावर घडत नाही, खोक्यावर घडतो. पुढचा घोड्यांचा लोंढा, आरोळी, दगडांचा मारा हे सगळं त्या एका निर्णयामागून आलेलं. आपण प्रेक्षक चुकून आरोळीच्या जागी रडतो.

आणि म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की नेता स्वार्थी की नाही, हे त्याच्या मनात काय होतं यावरून कळत नाही. मनात दोन्ही असतं. एर्विनच्या मनातली स्वतःची इच्छा आणि सैन्याचं हित वर्षानुवर्षं एकाच रस्त्यानं जात होतं. तळघराकडे जाणारी वाट आणि माणसांना सोडवणारी वाट एकच होती, तोवर तो कशासाठी चाललाय हे त्यालाही सांगता आलं नसतं. कळतं ते फाटा फुटतो तिथे. एका बाजूला जे मला हवं ते, दुसऱ्या बाजूला जे माझ्या माणसांना हवं ते, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही. तिथे तो कुठे वळला, एवढंच बघायचं.

"मग लीवायला दिलेला होकार?" नंद्यानं लगेच पकडलं. "मानवजातीपेक्षा तळघर मोठं, असं म्हणाला तो फाटाच होता ना?"

मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. त्या घटकेला ते फक्त बोलणं होतं. त्यानं मोहिमेवर जायचं ठरवलं, आणि त्याच्या जाण्यानं मोहिमेचं नुकसान झालं नाही, उलट त्याच्याशिवाय तो शेवटचा डाव लढवलाच गेला नसता. तोंडानं त्यानं स्वार्थ निवडला आणि खरी वेळ आली तेव्हा उलटं केलं. माणसाचं बोलणं आणि करणं यात फरक पडला तर मी करणं धरतो. नंद्याला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते लीवायनं 'मर' म्हटलं म्हणून एर्विन मेला, एरवी तो खोक्यावरच बसून राहिला असता. असेलही. पण डाव त्यानंच मांडला होता, लीवायनं फक्त धक्का दिला. ज्याला खरंच पळायचंय तो असला डाव दुसऱ्याला ऐकवत बसत नाही.

मग मी हीच कसोटी कर्णाला लावली, आणि कट्ट्यावर खरी गरमागरमी झाली. कारण एर्विन कितीही आवडला तरी कर्ण आपल्या घरातला. त्याच्याबद्दल बोललं की आवाज चढतोच.

कर्ण दोन दिवस सेनापती होता, सोळावा आणि सतरावा. त्याच्याइतका त्यागी दुसरा नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कवचकुंडलांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण वनपर्वात सूर्य त्याला आधी सावध करतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येईल, देऊ नकोस. तेव्हा कर्ण काय उत्तर देतो? जिवापेक्षा मला कीर्ती प्यारी आहे, असं. तो लपवत नाही. आणि सूर्याच्या सल्ल्यावरून इंद्राकडून बदल्यात शक्तीही मागून घेतो. हा भाग आपण सांगताना गाळतो. का गाळतो ते मला कळत नाही, कारण त्यानं कर्ण लहान होत नाही, खरा होतो.

"म्हणजे कर्णही स्वार्थी?" वैशूचा आवाज चढला होता.

"कवचकुंडलांच्या वेळी नाही," मी म्हणालो. "ती त्याची होती, त्यानं दिली, कीर्ती घेतली. तिथे तो शिपाई आहे, ॲरिस्टॉटलचा माणूस आहे. पुढचं बघ."

कुंतीला त्यानं शब्द दिला होता की अर्जुन सोडून तुझ्या बाकीच्या चार मुलांना मी मारणार नाही. सोळाव्या दिवशी नकुल त्याच्या हातात सापडला, त्यानं सोडला. सतराव्या दिवशी युधिष्ठिर सापडला. शत्रूचा राजा! ज्याला जिवंत पकडावा म्हणून द्रोणांनी व्यूह रचले, तो राजा हरून कर्णासमोर उभा आहे. आणि कर्ण त्याला कुंतीला दिलेला शब्द आठवून, टोचून बोलून सोडून देतो. त्या दिवशी कर्ण एकटा योद्धा नव्हता, हजारो माणसं त्याच्या हुकुमावर मरत होती. त्यांना त्या शब्दाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिथे वाट फुटली, आणि कर्ण स्वतःच्या शब्दाकडे वळला.

वैशू म्हणाली, शब्द पाळणं हा स्वार्थ कसा? आईला दिलेला शब्द आहे तो. मकरंद म्हणाला, शब्द होता तर सेनापतिपद घ्यायला नको होतं. काकांनी मान हलवली. मला मकरंदचंच पटतं. जो शब्द तुमच्या फौजेच्या मुळावर येऊ शकतो, तो मनात ठेवून फौजेचं नेतृत्व घेणं बरोबर नाही, मग शब्द कितीही पवित्र असो.

आणि भीष्म? त्यांची गोष्ट तर याहून जड आहे. बापासाठी राज्य सोडलं, लग्न सोडलं, हा त्याग खराच. पण विचित्रवीर्य निपुत्रिक गेला तेव्हा सत्यवतीनं, जिच्यासाठी ती प्रतिज्ञा होती तिनंच, विनवलं की आता प्रतिज्ञा मोड, वंश बुडतोय. भीष्मांनी ऐकलं नाही. तिन्ही लोक सोडीन पण सत्य सोडणार नाही, म्हणाले. पुढे दहा दिवस कौरवांचे सेनापती. पांडवांना मारणार नाही हे आधीच सांगितलेलं, आणि नवव्या दिवसाच्या रात्री युधिष्ठिराला स्वतःच सांगितलं की शिखंडीला पुढे घालून मला पाडा. आपण हे वाचतो आणि गहिवरतो. पण कौरवांच्या बाजूनं उभ्या असलेल्या एखाद्या साध्या पायदळातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. ज्याच्या भरवशावर तुम्ही नऊ दिवस लढलात, त्यानं रात्री शत्रूला आपल्या मरणाची किल्ली दिली. त्यानं स्वतःचा जीव दिला खरा, पण त्यासोबत तुमचाही दिला, आणि तुम्हाला विचारलं नाही.

"भीष्मांना माहीत होतं धर्म कुठल्या बाजूला आहे," वैशू म्हणाली.

"मग त्या बाजूला जायचं होतं," नंद्या म्हणाला. पहिल्यांदाच मी आणि तो एका बाजूला होतो.

या दोघांशेजारी एर्विनला उभा केला तर मला तो सगळ्यांत कमी स्वार्थी वाटतो. कर्णानं आणि भीष्मांनी जीव दिला, पण जे प्राणापेक्षा प्रिय होतं ते, शब्द, नाव, प्रतिज्ञा, हातचं जाऊ दिलं नाही. एर्विननं तेच जाऊ दिलं. आणि त्याबद्दल कुणी त्याचे पोवाडे गाणार नव्हतं, कारण तळघराची गोष्ट लीवायखेरीज फारशी कुणाला ठाऊकच नव्हती.

पण इथे नंद्यानं जे विचारलं त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, खोक्यावर तो स्वार्थी नव्हता. पण त्याआधीची वर्षं? त्या प्रत्येक मोहिमेत मेलेल्यांना वाटलं की आपण माणसांसाठी मरतोय. तो स्वतः म्हणतो, मी त्यांना फसवलं, मलाही फसवलं. ते शेवटच्या दहा मिनिटांनी फिटतं का?"

फिटत नाही. यावर मी ठाम आहे, आणि म्हणूनच मला वाटतं की एर्विनवर स्वार्थीपणाचा आरोप चुकीच्या कलमाखाली लावला जातो. स्वतःची इच्छा असणं हा गुन्हा नाही. इच्छा नसलेला सेनापती मला तरी भीतीदायक वाटेल. गुन्हा आहे तो लपवण्याचा. ज्या माणसांच्या जिवावर आपण चालतो त्यांना आपण कुठे चाललोय हे माहीत असायला हवं. रंगरूटांसमोरचं त्याचं शेवटचं भाषण बघा. तिथे तो त्यांना खोटी आशा दाखवत नाही. तुम्ही मरणार आहात, हे सांगतो. मेलेल्यांच्या मरणाला अर्थ जिवंत असलेले देतात, आणि आपण मेलो तर आपला अर्थ पुढचे देतील, असं सांगतो. पोरं ओकताहेत, थरथरताहेत, आणि तो खरं बोलतोय. माझ्या मते तो सेनापती म्हणून तिथे सगळ्यांत प्रामाणिक आहे. ते प्रामाणिकपण आधीच्या मोहिमांना मिळालं नाही.

वैशूनं विचारलं, "आणि फ्लॉक?"

फ्लॉकचं नाव निघालं ते बरंच झालं. त्या हल्ल्यातून वाचलेला तो एकटाच रंगरूट. धुरातून उठतो आणि मेलेल्यांत चाळवाचाळव करताना त्याला एर्विन सापडतो, पोट फाटलेला पण धुगधुगी असलेला. फ्लॉकच्या मनात येतं, इथेच संपवून टाकावं. मग वाटतं, एवढं सोपं मरण याला कशाला? या सैतानाला अजून नरक भोगू दे, आणि टायटनना हरवायचं तर सैतानच लागेल. म्हणून तो त्याला पाठीवर टाकून लीवायकडे आणतो. एक जीव वाचवणारं औषध आहे आणि दोघं मरताहेत, एर्विन आणि एरेनचा मित्र आर्मिन. सगळे भांडतात. औषध टोचायच्या वेळी एर्विन शुद्धीवर नसतानाच हात वर करतो आणि विचारतो, गुरुजी, भिंतीबाहेर माणसं नाहीत हे कशावरून कळलं?

लीवाय औषध आर्मिनला देतो. कारण सांगतो ते असं की याला सैतान आपणच बनवलं, आपल्यालाच तो हवा होता, आणि आता नरकातून सुटलाय तर पुन्हा ओढून आणायचं नाही.

"बघ, आता स्वार्थी कोण झालं?" मकरंद म्हणाला. "मानवजातीला एर्विनची गरज होती. लीवायनं मित्राला विश्रांती दिली. फाटा फुटला आणि तो मित्राकडे वळला."

यावर जो कालवा झाला तो सगळा इथे उतरवता येणार नाही. वैशू म्हणाली, माणसाला वापरून वापरून संपवलं की त्याला सोडून देणं हेही माणसांचंच काम आहे. नंद्या म्हणाला, मकरंदची गोष्ट तुझ्याच कसोटीनं खरी ठरते, तर तुला आता कसोटी बदलावी लागेल किंवा लीवायला स्वार्थी म्हणावं लागेल. मी म्हणालो, लीवायला स्वार्थी म्हणायला मला अडचण नाही. तो त्या घटकेला स्वार्थी होता, आणि त्यानं ते लपवलं नाही. सगळ्यांच्या देखत केलं, कारण सांगितलं, दोष अंगावर घेतला. एर्विनकडून वर्षानुवर्षं जे राहून गेलं होतं ते त्यानं पाच मिनिटांत केलं.

काकांना लीवाय पटला नाही. "औषध कमांडरला द्यायचं असतं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या तळघरात शेवटी निघालं काय?"

त्याच्या बापाचं म्हणणं खरं निघालं, वैशूनं सांगितलं. भिंतीबाहेर माणसं होती.